फलकावरील आंकडा कोठून येतो?

पेणच्या गणपतीच्या एखाद्या कारखान्यांत आषाढांत डोकावून पाहावें. रंगकाम पुरें झालेल्या मूर्ति फळ्यांवर ओळीनें मांडलेल्या असतात. त्यांतील शाडूची कोणती आणि प्लॅस्टरची कोणती हें दुरून पाहणारास ओळखतां येत नाहीं. रंग दोहोंचा सारखा, डोळ्यांची आखणी सारखी. जाणतें गिऱ्हाईक म्हणून मूर्ति उचलून वजन अजमावतें, तळाची न रंगविलेली बाजू निरखतें आणि मग भावाची गोष्ट काढतें.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर जे आंकडे आपण रोज वाचतों त्यांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. कोणी नदीकांठीं उभें राहून डोळ्यांनीं वाचलेला आंकडा, यंत्रानें आपोआप पाठविलेला आंकडा, गणितानें काढलेला आंकडा आणि यंत्रानें स्वतः जुळविलेलें वाक्य, ह्या सर्वांस पडद्यावर एकाच वळणाचें सुबक अक्षर लाभतें. रंगावरून भेद कळत नाहीं. तळ उलटून पाहण्याची सोय त्या पडद्यावर कशी असावी, आणि आमच्या पेण-रोह्याकडील लोकांस तिची गरज कां आहे, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

अशा पडद्यास हल्लीं डॅशबोर्ड म्हणतात. ह्या नांवाची हकीकत मौजेची आहे. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल हांकणाराच्या अंगावर येऊं नये म्हणून गाडीच्या पुढील बाजूस एक फळी बसवीत असत; मूळ डॅशबोर्ड तो. पुढें मोटारी आल्या, चिखल उडविणारा घोडा गेला, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर वेगाचा व तेलाचा कांटा बसला. तेथून हें नांव संगणकाकडे आलें. अनेक ठिकाणची माहिती गोळा करून एका दृष्टिक्षेपांत दाखविणारा फलक, असा त्याचा आजचा अर्थ आहे. पण ह्या प्रवासांत एक गोष्ट हरवली. मोटारींतील तेलाच्या कांट्यास तार असते, ती टांकीपर्यंत जाते, आणि कांटा खोटें सांगूं लागला तर मिस्त्री ती तार धरून मुळापर्यंत पोंचतो. संगणकाच्या फलकामागील तार वाचकास दिसत नाहीं. ती दहा ठिकाणांहून आलेली असते, वाटेंत तिला गांठी पडलेल्या असतात. आणि फलक करणारानें ती दाखविली नाहीं तर आंकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा किंवा मुळींच ठेवूं नये, याहून तिसरा मार्ग वाचकास उरत नाहीं.

आतां रोह्यास येऊं. जुलै महिन्यांतील रात्र आहे, पाऊस थांबत नाहीं, आणि कुंडलिकेच्या कांठच्या घरांतील मंडळी मोबाइल हातीं घेऊन बसलीं आहेत, असें समजा. भाताचीं पोतीं माळ्यावर चढवावयाचीं कीं नाहीं, म्हाताऱ्या माणसांस नातलगांकडे हलवावयाचें कीं सकाळपर्यंत थांबावयाचें, हें एका आंकड्यावर ठरणार आहे. जिल्हा प्रशासन पावसाळ्यांत नद्यांची पाणीपातळी प्रसिद्ध करीत असतें. त्यांत कुंडलिकेची इशारा पातळी २३.०० मीटर व धोका पातळी २३.९५ मीटर दिलेली असते. त्याच तक्त्यांत नागोठण्याच्या आंबेची धोका पातळी ९ मीटर आणि महाडच्या सावित्रीची ६.५० मीटर असते. हे तीन आंकडे एकाखालीं एक वाचणाऱ्या मुलाची समजूत अशी होईल कीं कुंडलिका सावित्रीच्या जवळजवळ चौपट खोल आहे. तसें अर्थातच नाहीं. चोवीस मीटर म्हणजे सुमारें एकोणऐंशी फूट. एवढें खोल पाणी रोह्यास नदींत कोणी पाहिलेलें नाहीं. भेद आहे तो शून्याचा. पातळी मोजतांना शून्य कोठें धरावयाचें हें प्रत्येक ठिकाणीं निराळें ठरलेलें असतें. कोठें तें नदीच्या तळाजवळ असतें, कोठें त्याहून पुष्कळ खालीं. शून्य ठाऊक नसेल तर "पातळी २३.३०" ह्या शब्दांनीं वाचकास कांहींच सांगितलें जात नाहीं. इशारा आणि धोका ह्या दोन खुणांच्या मानानें पाणी कोठें आहे, एवढेंच काय तें त्यानें पाहावें.

दुसरी गोष्ट जागेची. रोह्यासाठीं म्हणून दिसणारी कुंडलिकेची ही पातळी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरील असते, आणि तो बंधारा शहराच्या वरच्या अंगास आहे. म्हणजे वाचणारा एके ठिकाणीं आणि मोजपट्टी दुसऱ्या ठिकाणीं. तेथील पाणी शहरापर्यंत येण्यास जो वेळ लागतो तीच खरी उपयोगाची गोष्ट; पण जागेचें नांवच फलकावर नसेल तर तो हिशेब कोण करणार?

तिसरी गोष्ट खास कुंडलिकेची आहे. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं उतरवून भिरा येथें १९२७ पासून वीज काढली जाते, व जनित्रें फिरवून झालेलें तें पाणी कुंडलिकेंत येतें. म्हणूनच कोंकणांतील पुष्कळ नद्या चैत्र-वैशाखांत आटतात तेव्हांहि कुंडलिका वाहती असते, आणि कोलाडच्या वेगवान् प्रवाहांत तराफ्यांतून जाण्याची हौस करावयास लांबलांबून लोक येतात. तात्पर्य, कुंडलिकेचें पाणी वाढलें म्हणजे तें पावसानेंच वाढलें असें नाहीं. वरून किती सोडलें आहे हेंहि पाहावें लागतें. आंकडा एक, कारणें दोन. फलकावर दोन्ही निरनिराळीं दाखविलीं तर माणूस पुढच्या तीन तासांचा कांहीं विचार करूं शकतो.

हा आंकडा फलकापर्यंत येतो तरी कसा? जुनी रीत अशी कीं कांठावर किंवा पुलाच्या खांबावर मीटर व त्याचे भाग रंगविलेली पट्टी असते. नेमलेला माणूस ठराविक तासांनीं ती वाचतो, वहींत लिहितो आणि दूरध्वनीनें नियंत्रण कक्षास कळवितो. तेथें दुसरा माणूस तो आंकडा संगणकांत घालतो. नवी रीत यंत्राची. पुलाखालीं टांगलेलें यंत्र पाण्याकडे रेडिओलहरी सोडतें, त्या परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याचें अंतर काढतें, आणि तें अंतर स्वतःच्या उंचींतून वजा करतें. समजा, यंत्र २८.०० मीटर उंचीवर आहे आणि पाणी त्याच्या खालीं ४.७० मीटरवर आहे. तर पातळी २३.३० मीटर झाली. ही वजाबाकी मोबाइलच्या जाळ्यांतून किंवा उपग्रहामार्फत फलकाकडे जाते.

चुका दोन्ही रीतींत होतात, पण चुकांची जात निराळी. माणूस अंधारांत, धो धो पावसांत, २३.३० चे २३.८० वाचील, किंवा घाईनें ३२.३० लिहील. यंत्र असें करीत नाहीं. पण त्याच्याखालीं वाहून आलेला ओंडका अडकला तर तें ओंडक्याच्या पाठीलाच पाणी समजतें. आणि सर्वांत वाईट चूक ती कीं जी चूक वाटत नाहीं. ऐन पुरांत वीज जाते, मोबाइलचा मनोरा बंद पडतो, यंत्राचा निरोप येईनासा होतो. आणि फलक शेवटचा आलेला आंकडा तसाच दाखवीत राहतो. रात्रीं अकरा वाजतां वाचणाऱ्यास वाटतें कीं पाणी स्थिर आहे. वास्तविक तो आंकडा साडेआठाचा आहे. शिळ्या भातास वास तरी येतो, शिळ्या आंकड्यास येत नाहीं. म्हणून आंकड्याशेजारीं वेळ छापणें ही शोभेची गोष्ट नव्हे. आणि वेळहि मोजल्याची हवी, फलक उघडल्याची नको. पुष्कळ फलकांच्या कोपऱ्यांत चालू घड्याळ असतें. तें पाहून तर वाचकाचा अधिकच घोटाळा होतो. जुलै १९८९ मध्यें आंबेच्या महापुरानें जांभूळपाडा व नागोठणें येथें जो अनर्थ केला तो ज्यांस आठवतो अशा वडीलधाऱ्यांस विचारावें कीं दोन तास आधीं खरी बातमी कळण्याची किंमत काय असते.

पावसाच्या आंकड्यांतहि असाच तळ दडलेला असतो. "पेण, १२० मिलिमीटर" असें वाचलें म्हणजे काय समजावें? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं साडेआठास सुरू होतो व दुसऱ्या दिवशीं साडेआठास संपतो. म्हणून सोमवारीं दुपारीं पडलेला पाऊस मंगळवारीं सकाळच्या आंकड्यांत येतो. शिवाय तालुक्याचा आंकडा ही पुष्कळदां निरनिराळ्या मंडळांतील पर्जन्यमापकांची सरासरी असते, आणि सरासरी कोणाच्याच अंगणांत पडत नाहीं. २६ जुलै २००५ च्या पावसांत मुंबईस सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्यास सुमारें ७४. दोहोंची सरासरी ५०९ येते. तेवढा पाऊस ना सांताक्रुझला पडला ना कुलाब्यास. (जातां जातां एक सूचना: जुन्या कागदांत नुसतें "कुलाबा" असें आढळलें तर सावध राहावें. मुंबईची वेधशाळा कुलाब्यास आहे, आणि आपला रायगड जिल्हाहि १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. नांव सारखें, पाऊस निराळा.) ह्या गोष्टींवर पैसाहि अवलंबून असतो. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला कीं ती अतिवृष्टि धरली जाते, आणि पिकांच्या नुकसानीच्या मदतीचा विचार त्यावरून होतो. मापक नेमका कोठें बसविला आहे, त्यावर झाडाची फांदी तर आलेली नाहीं ना, ह्या प्रश्नांस म्हणून शेतकऱ्याच्या घरांत मोठा अर्थ आहे.

पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटास आणखी एक आंकडा महत्त्वाचा, तो भरतीचा. धरमतरच्या खाडीचें पाणी उधाणाच्या दिवशीं बांधांवर चढतें. उघाड्यांचीं दारें तेव्हां आंतून बाहेर पाणी जाऊं देत नाहींत, आणि वर पाऊस चालू असला तर शेतांतील पाणी शेतांतच राहतें. म्हणून खारेपाटांतील माणूस भरतीची वेळ व उंची विचारतो. फलकावर ती मिळते. परंतु ती कोणी मोजलेली नसते! ती गणितानें आधींच काढून ठेवलेली असते. चंद्र व सूर्य ह्यांच्या ओढीमुळें समुद्राच्या पाण्यांत अनेक लहानमोठीं आंदोलनें एकाच वेळीं चालतात. तीं वेगळीं करून पुन्हा एकत्र मिळविलीं म्हणजे पुढील वर्षाची भरती-ओहोटी आज सांगतां येते. हें काम संगणकाच्या पुष्कळ आधींपासून यंत्रानें होत आलें आहे. लॉर्ड केल्विन ह्यांच्या कल्पनेवरून एडवर्ड रॉबर्ट्स ह्यांनीं १८७९ सालीं लंडनमध्यें खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं एक यंत्र सिद्ध करविलें. त्यांतील चाकें व कप्प्या फिरूं लागल्या कीं त्यांवरून ओवलेली एक तार सर्व आंदोलनांची बेरीज करी, आणि लेखणी कागदावर भरती-ओहोटीची वांकडी रेघ काढी. यंत्रानें निर्माण केलेली माहिती ही कांहीं आजची नवलाई नव्हे.

मात्र त्या छापील कोष्टकांत एक प्रामाणिकपणा होता. हें भाकित आहे, आणि अमुक बंदराचें आहे, हें कोष्टकाच्या माथ्यावरच लिहिलेलें असे. आजच्या फलकावर तेंच भाकित "भरती ४.६ मीटर" एवढ्या उघड्या शब्दांत उतरतें. मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ आणि खाडीच्या आंतल्या गांवची वेळ एक नसते. वाऱ्यानें लोटलेलें पाणी गणितांत नसतें. आणि नदीचा पूर तर नसतोच. हें तळटीपेंत यावयास हवें, कारण वाशी-वढावकडील बांधावर उभा असलेला माणूस तो आंकडा मोजलेलाच समजतो.

मग उगम दाखविण्याची चांगली रीत कोठें पाहावयास मिळेल? त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. वडिलांच्या कपाटांतील सातबाराचा उतारा काढून पाहावा. मालकाच्या नांवाशेजारीं एक क्रमांक आढळेल. तो फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन गांव नमुना सहा उघडला कीं हें नांव येथें कां लागलें, खरेदीनें, वारसाहक्कानें कीं वाटणीनें, अर्ज कोणी केला, नोंद कोणत्या तारखेस झाली व ती कोणत्या अधिकाऱ्यानें प्रमाणित केली, हें सर्व सांपडतें. उताऱ्यावर जागा थोडी, म्हणून तेथें फक्त क्रमांक. सविस्तर हकीकत मागच्या वहींत. आमच्या शेतकऱ्यांनीं डॅशबोर्ड हा शब्द ऐकण्यापूर्वींच ही युक्ति त्यांच्या हातीं होती. पुढें १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद पूर्वीं तलाठी करी. आतां शेतकरी स्वतः मोबाइलवर करूं लागला, आणि शेतांत काढलेल्या छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशहि जाऊं लागले. रकाना तोच राहिला, पण त्यांतील शब्दाचा कर्ता बदलला. अशा वेळीं नोंद कोणाची हें कळणें किती जरूर आहे हें भाऊबंदकींत सांपडलेल्या कोणासहि विचारून पाहावें.

कर्ता हा शब्द मुद्दाम योजिला आहे. इंटरनेटवरील व्यवहाराचे सर्वमान्य नियम ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ह्या संस्थेनें २०१३ सालीं माहितीचा उगम नोंदण्यासाठीं एक पद्धति प्रसिद्ध केली. तिचें सार आपल्या व्याकरणाच्या तासाहून वेगळें नाहीं. प्रत्येक माहितीमागें तीन गोष्टी नोंदाव्या: वस्तु कोणती, तिच्यावर क्रिया कोणती झाली, आणि ती करणारा कोण. "डोलवहाळची पातळी" ही वस्तु. "मोजली" किंवा "हिशेबानें काढली" ही क्रिया. "अमुक यंत्र" किंवा "अमुक कर्मचारी" हा कर्ता. ज्या वाक्यांत कर्ता नाहीं तें वाक्य परीक्षक तांबड्या शाईनें खोडतो. फलकावरील आंकड्यास ही सवलत कां द्यावी?

ती दिल्यामुळें काय होतें याचें एक ठळक उदाहरण २९ मे २०२४ रोजीं घडलें. दिल्लींतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्रानें ५२.९ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली. देशांतील उच्चांक म्हणून हा आंकडा कांहीं तासांत जगभर पोंचला. नंतर तपासणी झाली तेव्हां हवामान खात्यास आढळलें कीं तेथील यंत्र सुमारें तीन अंश अधिक दाखवीत होतें. यंत्र बिघडणें ही लाजेची गोष्ट नव्हे. पण आंकडा केंद्र सोडून निघाला तेव्हां त्याच्याबरोबर "एकाच स्वयंचलित केंद्राचा, अद्याप न पडताळलेला" हे चार शब्द निघाले असते तर दुरुस्तीस त्याच्यामागें एवढें धांवावें लागलें नसतें.

ह्यांत २०२२ च्या अखेरीपासून नवी भर पडली आहे. चॅटजीपीटी व त्यासारखे कार्यक्रम आंकडे वाचून सरळ भाषेंत मजकूर लिहूं लागले, आणि ते फलकांतहि बसविले जाऊं लागले. आतां फलक केवळ २३.३० असें न दाखवितां "आज रात्रीं रोह्यांत पाणी ओसरण्याचा संभव आहे" असें आदबशीर वाक्यहि लिहूं शकतो. असे कार्यक्रम एका शब्दापुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्या धोरणानें वाक्य जुळवितात; म्हणून भाषा नेहमीं गुळगुळीत असते, मग आधार असो वा नसो. आधार विचारला तर ते कधीं कधीं नसलेल्या ग्रंथाचेंहि नांव सांगतात, किंवा असलेल्या कागदाच्या तोंडीं त्यांत नसलेली गोष्ट घालतात. यास्तव यंत्रलिखित वाक्यास निराळी खूण हवी, आणि त्यांतील प्रत्येक विधान ज्या आंकड्यावर उभें आहे त्या आंकड्यापर्यंत बोट नेऊन ठेवतां आलें पाहिजे. ज्या विधानास आंकडा नाहीं तें फलकानें लिहूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं दारांत पाणी आलेला माणूस काय टीपा वाचीत बसणार आहे? आक्षेप खरा आहे, आणि पुष्कळ हौशी फलक ह्याच ठिकाणीं फसतात. खुणा, बाण व बारीक अक्षरें यांची एवढी गर्दी करतात कीं मुख्य आंकडाच दिसेनासा होतो. सातबाराची युक्ति येथें उपयोगी पडते. वर एकच ओळ असावी: "२३.३० मीटर, मोजलेली, डोलवहाळ, रात्रीं १०.३०, इशाऱ्याच्या वर." ह्या ओळीवर बोट ठेवलें कीं यंत्राचें नांव, शून्याची जागा, मागील सहा तासांचे आंकडे, वरून सोडलेलें पाणी, हें सर्व खालीं उघडावें. भाकित असेल तेथें अखंड रेघेऐवजीं तुटक रेघ काढावी. निरोप एका तासाहून जुना झाला तर आंकडा करडा व्हावा, आणि त्याजागीं "यंत्राकडून निरोप नाहीं" असें मोठ्या अक्षरांत यावें. माहिती नाहीं असें सांगणें हीहि माहितीच आहे, आणि पुराच्या रात्रीं ती फार मोलाची.

आपल्या शाळेंतील मुलांस येत्या मृगापासून एक प्रयोग करतां येईल. सरळ उभ्या बाजूंचा एक रिकामा डबा घ्यावा. तोंड व तळ सारख्याच रुंदीचा हवा. तो अंगणांत, घर व झाडें यांपासून मोकळ्या जागीं, विटांच्या आधारानें घट्ट बसवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां आंतील पाण्याची खोली पट्टीनें मिलिमीटरमध्यें मोजावी, डबा उपडा करून पुन्हा ठेवावा, आणि वहींत सहा रकाने आखून तारीख, वेळ, जागा, आंकडा, मोजणाराचें नांव व शेरा हीं लिहावीं. एखाद्या दिवशीं मोजावयाचें राहिलें तर तेथें शून्य घालूं नये, "मोजलें नाहीं" असेंच लिहावें. शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं, आणि तें निराळें. मग सरकारी फलकावरील आपल्या मंडळाचा त्याच दिवसाचा आंकडा शेजारीं मांडावा. दोन्ही क्वचितच जुळतील. फरक दिसतांच कोणाचें चुकलें असें म्हणण्याची घाई करूं नये. आधीं त्यांचा मापक आपल्या अंगणापासून किती दूर आहे तें शोधून शेऱ्याच्या रकान्यांत लिहून ठेवावें.